पुतण्याची जुनी पुस्तके आणि लेकीची सीईटी

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत शिकते आणि गणित गटातून एमएचटी-सीईटी ही अभियांत्रिकी प्रवेशासाठीची राज्याची परीक्षा देणार आहे. माझे किराणा मालाचे दुकान आहे आणि माझे स्वतःचे शिक्षण दहावीपर्यंतच झाले आहे. माझ्या पुतण्याने २०१७ साली हीच परीक्षा दिली होती. दिवाळीत त्याने आपली सरावाची अकरा पुस्तके आमच्याकडे आणून दिली. त्यातली काही त्याने स्वतः दुसऱ्याकडून घेतलेली, आणखी जुनी आहेत. मुलगी म्हणते की ही आता रद्दीतच द्यायची, नवा संच हवा. पुतण्या म्हणतो की विज्ञान काही बदलत नाही, मी यातूनच १३० गुण मिळवले, तिलाही तेवढे पुरतील. पैशाची अगदीच ओढाताण नाही, पण वायफळ खर्च नको वाटतो. कोणाचे ऐकावे?
— एक वडील, परभणी जिल्हा

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

अकराही पुस्तकांचा निकाल एकदम लावू पाहिल्यामुळे तुमच्या घरातला वाद सुटत नाही. सरावाच्या पुस्तकाकडे पाहताना ते पुस्तक ठेवायचे की टाकायचे असा विचार न करता, त्यातले कोणते प्रकरण आज चालते आणि कोणते चालत नाही, असा विचार केला पाहिजे. मी कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले. भाऊ, बहीण, शेजारी यांच्याकडून आलेल्या पुस्तकांवर अभ्यास करणारी मुले प्रत्येक तुकडीत असत. त्यांतली काही उत्तम तयारी करून गेली आणि काहींचे दोन-अडीच महिने भलत्याच प्रकरणांवर खर्ची पडले. या दोहोंतला फरक पुस्तकांच्या जुनेपणाने पडला नव्हता. पहिल्यांनी आधी निवड केली होती, दुसऱ्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली होती.

पहिली गोष्ट, एक सीमारेषा लक्षात ठेवा. राज्य मंडळाची अकरावीची पाठ्यपुस्तके २०१९-२० या वर्षी बदलली आणि बारावीची २०२०-२१ मध्ये. सीईटी याच पाठ्यपुस्तकांवर बेतलेली असल्याने, २०२१ पासूनच्या प्रश्नपत्रिका तुमच्या मुलीच्या अभ्यासक्रमाला धरून आहेत आणि त्याआधीच्या तुमच्या पुतण्याच्या अभ्यासक्रमाला. त्याची पुस्तके सगळीच या रेषेच्या जुन्या बाजूची आहेत. त्यामुळे मुलीची शंका रास्त आहे. तिला ती नीट मांडता आली नसेल, पण नव्या पुस्तकाचा हा केवळ हट्ट आहे असे कृपया समजू नका.

तरीही पुतण्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण अभ्यासक्रम बदलला म्हणजे बहुतेक ठिकाणी विषय नाहीसा झाला नाही, त्याची जागा बदलली. जुन्या बारावीच्या भौतिकशास्त्रात ग्रॅव्हिटेशन आणि इलॅस्टिसिटी ही प्रकरणे होती. आता ती अकरावीत आहेत. कम्युनिकेशन सिस्टिम्सही बारावीतून अकरावीत गेले. सर्क्युलर मोशन आणि रोटेशनल मोशन ही दोन प्रकरणे एकत्र येऊन रोटेशनल डायनॅमिक्स हे एकच प्रकरण झाले. सरफेस टेन्शन हे पूर्वी स्वतंत्र प्रकरण होते. आज ते द्रवांच्या यांत्रिक गुणधर्मांच्या मोठ्या प्रकरणाचा एक भाग आहे, आणि जुन्या पुस्तकातले सरफेस टेन्शनचे सगळे प्रश्न सोडवले तरी त्या प्रकरणातला व्हिस्कॉसिटीचा आणि बर्नुलीच्या समीकरणाचा भाग कोराच राहतो. प्रकरणाचे नाव जुळले नाही म्हणून पान उलटून जाणे जितके चुकीचे, तितकेच नाव जुळले म्हणून प्रकरण पूर्ण झाले असे समजणेही चुकीचे, हे मुलीला आवर्जून सांगा. गणितात सर्कल आणि कॉनिक्स बारावीतून अकरावीकडे गेले आणि कंटिन्युइटीही त्यांच्याबरोबर गेली. रसायनशास्त्रात धातू वेगळे करण्याच्या तत्त्वांचे स्वतंत्र प्रकरण आणि दैनंदिन जीवनातील रसायनशास्त्र ही प्रकरणे बारावीतून गेली, पंधराव्या गणाची मूलद्रव्ये अकरावीत गेली, आणि आयनिक इक्विलिब्रिया तसेच ग्रीन केमिस्ट्री व नॅनोकेमिस्ट्री ही प्रकरणे बारावीत आली. या शेवटच्या प्रकरणाचे प्रश्न पुतण्याच्या पुस्तकांत शोधत बसू नये.

एखादा विषय अकरावीत गेला म्हणजे तो परीक्षेतून गेला असेही नाही. सीईटीत प्रत्येक विषयाच्या ५० प्रश्नांपैकी साधारण १० प्रश्न अकरावीवर आणि ४० बारावीवर असतात. मात्र अकरावीची सगळी प्रकरणे त्यात नसतात, ही परीक्षा घेणारा राज्याचा सीईटी कक्ष निवडक प्रकरणांची यादी देतो. ही यादी कक्षाच्या संकेतस्थळावरून तिच्या परीक्षेच्या वर्षाचीच घ्या आणि छापून भिंतीवर लावा. पुढचे सगळे काम या एका कागदावर अवलंबून आहे.

आता तुम्हाला स्वतःला करता येईल असे काम सांगतो. त्याला विज्ञान यावे लागत नाही. एखाद्या रविवारी दुपारी दुकान बंद असताना मुलीला घेऊन बसा. प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापलेल्या वर्षाकडे दुर्लक्ष करा. सुरुवातीची दोन-तीन पाने उलटली की प्रकाशकाच्या नावाखाली बारीक अक्षरात आवृत्ती आणि मुद्रणाचे वर्ष दिलेले असते. ते वाचून पुस्तकावर पेन्सिलीने लिहा. मग अनुक्रमणिका उघडा आणि बालभारतीच्या सध्याच्या पुस्तकाची अनुक्रमणिका शेजारी ठेवा. पाठ्यपुस्तक घरात नसेल तर ई-बालभारतीवर ते विनामूल्य उतरवून घेता येते. तुम्ही एकेक नाव वाचा. मुलगी सांगेल की हे आमच्या बारावीत आहे, हे अकरावीत आणि यादीत आहे, हे अकरावीत आहे पण यादीत नाही, हे कुठेच नाही. पहिल्या दोन प्रकारांच्या प्रकरणांपुढे खूण करा, बाकीच्यांवर सरळ आडवी रेघ मारा. अकरा पुस्तकांना दोन तास पुरतात. चिन्हांचे, आलेखाचे ज्ञान असले काही लागत नाही, फक्त शांतपणे नावे वाचावी लागतात. माझा अनुभव असा की ही रेघ मारल्यावर मुलांच्या मनावरचे अर्धे ओझे तिथेच उतरते, कारण ढीग तेवढाच दिसत असला तरी काम मोजता येऊ लागते.

अभ्यासक्रमाखेरीज परीक्षेची रीतही बदलली आहे, आणि पुतण्याच्या सल्ल्यात खरी चूक इथे आहे. त्याने परीक्षा दिली तेव्हा सीईटी फक्त बारावीवर होती. अकरावीचा भाग २०१८ पासून आला, आणि तेव्हाच भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणिताची काठिण्यपातळी जेईई मेन या देशपातळीवरच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेच्या जवळ नेण्यात आली. त्याच्या पुस्तकांतले गणिताचे प्रश्न त्यामुळे आजच्या मानाने सोपे, एका पायरीत सुटणारे असण्याचा संभव आहे. २०१९ पासून परीक्षा संगणकावर होते, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या सत्रांत, वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांवर. साहजिकच प्रत्येक सत्राची काठिण्यपातळी सारखी नसते, म्हणून गुण थेट न देता पर्सेंटाइल दिले जाते, म्हणजे त्या सत्रातले शेकडा किती विद्यार्थी आपल्या बरोबरीने किंवा मागे आहेत तो आकडा. दोनशेपैकी १३० हा आकडा त्याच्या वर्षी काहीतरी सांगत होता. आज तो आकडा एका सत्रात चांगले पर्सेंटाइल देईल आणि दुसऱ्या सत्रात तितके देणार नाही. जुन्या पुस्तकांच्या शेवटी महाविद्यालयांच्या कटऑफचे तक्ते असतात, तेही गुणांचे. ती पाने स्टेपल करून बंद करून टाका. त्या तक्त्यांवर बोट ठेवून घरात मुलीचे भवितव्य ठरवले जाऊ नये, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.

काही गोष्टी मात्र तशाच आहेत, आणि त्या जुन्या पुस्तकांच्या बाजूने आहेत. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे, चार पर्याय, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणजे शेवटी एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. तुमच्या पुतण्याच्या ढिगात त्याहून जुनी पुस्तके आहेत असे तुम्ही लिहिले आहे. त्यांत एखादे एआयईईई या जुन्या देशपातळीवरच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेचे असेल तर ते अवश्य ठेवा. ती परीक्षा २०१२ मध्ये शेवटची झाली आणि पुढच्या वर्षापासून तिची जागा जेईई मेनने घेतली, पण तिच्यातले कॅल्क्युलस, व्हेक्टर आणि विद्युतधारेचे प्रश्न आजच्या सीईटीच्या अवघड प्रश्नांसाठी फार चांगला व्यायाम देतात. मी स्वतः वर्गात असे जुने प्रश्न फळ्यावर देत असे.

आता एक बारीक पण महत्त्वाची बाब. पाठ बदलला नसला तरी संकेत बदललेले असतात, आणि इथे हुशार मुलेही अडखळतात. माझी एक विद्यार्थिनी संध्याकाळी वही घेऊन आली होती. थर्मोडायनॅमिक्सचे ओळीने चार प्रश्न तिने सोडवले होते आणि पुस्तकाच्या उत्तरांशी चारही जुळत नव्हते. ती रडवेली झाली होती, कारण आदल्या आठवड्यात हेच प्रकरण तिला उत्तम आले होते. आम्ही एक प्रश्न घेतला. एका वायूला ५०० जूल उष्णता दिली आणि त्याने प्रसरण पावून २०० जूल कार्य केले, तर अंतर्गत ऊर्जेतला बदल ३०० जूल, याबद्दल वाद नाही. पण कार्याची किंमत विचारली तर? भौतिकशास्त्राच्या पुस्तकात वायूने केलेले कार्य धन मानतात, म्हणून अंतर्गत ऊर्जेतला बदल म्हणजे उष्णता वजा कार्य, आणि कार्य अधिक २००. आजच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात वायूवर केलेले कार्य धन मानतात, म्हणून बदल म्हणजे उष्णता अधिक कार्य, आणि कार्य उणे २००. तिच्याजवळचे रसायनशास्त्राचे पुस्तक जुने होते, त्यात भौतिकशास्त्राचाच संकेत वापरला होता. तिचे चारही प्रश्न बरोबर होते, पुस्तकही आपल्या जागी बरोबर होते. चार पर्यायांत अधिक २०० आणि उणे २०० दोन्ही दिलेले असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या चिन्हाची किंमत कळते.

दुसरा असाच प्रकार वायूच्या मोलर आकारमानाचा. जुन्या पुस्तकांत प्रमाण दाब १ अॅटमॉस्फिअर धरून एक मोल वायूचे आकारमान २२.४ लिटर घेतलेले असते. प्रमाण दाब १ बार धरला की ते सुमारे २२.७ लिटर होते. अर्ध्या मोलला ११.२ की ११.३५, हे प्रश्नात दाब कोणता दिला आहे यावर ठरते. मुलीने अशा वेळी प्रश्न पुन्हा वाचावा, पाठ केलेला आकडा टाकू नये. ही दोन उदाहरणे तिला दाखवा. यांच्यासारखी आणखी दोन-चार तिला स्वतःलाच सापडतील.

यावरून उत्तरसूचीकडे कसे पाहायचे तेही ठरते. जुन्या पुस्तकांच्या उत्तरसूचीत छपाईच्या चुकाही असतात, आणि त्या दुरुस्त करून सांगणारे आता कोणी नसते. उत्तर जुळले नाही तर तिने प्रश्न एकदा पुन्हा सोडवावा, मग सध्याच्या पाठ्यपुस्तकातला तो परिच्छेद उघडून सूत्र आणि संकेत ताडून पाहावा, आणि तरीही जुळले नाही तर समासात प्रश्नचिन्ह करून पुढे जावे. आठवड्याची सगळी प्रश्नचिन्हे एकत्र घेऊन शिक्षकांकडे जावे. एका प्रश्नापाशी पाऊण तास झगडून स्वतःवरचा विश्वास घालवू नये. पाठ्यपुस्तक आणि सराव पुस्तक यांत विरोध दिसला तर शब्द पाठ्यपुस्तकाचा.

आणखी एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाही, पण ती मला जवळजवळ खात्रीने सांगता येते. पुतण्याने पुस्तकातच पर्यायांवर खुणा केल्या असतील. अशी खूण डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली तरी हात तिकडेच वळतो आणि प्रश्न सोडवल्याचा नुसता भास होतो. पेन्सिलीच्या खुणा असतील तर खोडरबर घेऊन त्या आधी खोडून काढा, हे काम घरातले कोणीही करू शकते. पेनाच्या असतील तर जाड कागदाची पट्टी कापून पर्यायांवर ठेवायची, आधी वहीत उत्तर काढायचे आणि मगच पट्टी सरकवायची. मात्र समासात त्याने लिहिलेली सूत्रे, आकृत्या, ‘इथे एकक बदला’ असल्या सूचना खोडू नका. त्या वेळी तो जिथे चुकला असेल तिथे तीही चुकण्याची शक्यता आहे, आणि छापील पुस्तकात ही सोय नसते.

ही निवडलेली प्रकरणे आतापासून जानेवारीपर्यंत वापरावीत, आणि तीही घड्याळ न लावता. या काळात एकेक प्रकारचे पंधरा-वीस प्रश्न ओळीने सोडवून हात बसवायचा असतो, वेग नंतर येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मंडळाची परीक्षा असेल, तिच्या काळात सीईटीची पुस्तके बाजूला असू द्यावीत. त्यानंतर सीईटीपर्यंतच्या आठवड्यांत जुन्या पुस्तकांना हात लावू नये. तो काळ २०२१ नंतरच्या प्रश्नपत्रिकांचा. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र मिळून १०० प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद, आणि गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे प्रत्येकी पावणेदोन मिनिटांहून किंचित अधिक. पहिले दोन विषय संपवून वेळ उरला तरी तो गणिताला वापरता येत नाही, कारण पहिला भाग वेळ संपल्यावरच बंद होऊन दुसरा उघडतो. ही सवय छापील पुस्तकावर, नव्या पुस्तकावरसुद्धा, लागत नाही. पडद्यावर प्रश्न वाचायचा, कागदावर आकडेमोड करायची आणि पुन्हा पडद्यावर पर्याय निवडायचा, यात मान वर-खाली करताना आकडे चुकीचे उतरवले जातात. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर सरावासाठी नमुना परीक्षा असते. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात किंवा गावातल्या एखाद्या एमएस-सीआयटी केंद्रात बसून तिने अशा निदान पाच-सहा परीक्षा पूर्ण वेळ लावून द्याव्यात. मोबाइलवर दिलेली परीक्षा या कामाची नाही.

आता खर्चाचे. पूर्ण नवा संच घेण्याची गरज मला दिसत नाही. सध्याच्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके तिच्याजवळ छापील असावीत, ई-पुस्तकावर रेघा मारता येत नाहीत. त्याखेरीज २०२१ नंतरच्या सत्रांच्या प्रश्नपत्रिका आणि त्यांची स्पष्टीकरणासह उत्तरे असलेले एक पुस्तक घ्या. रसायनशास्त्राचे एक सध्याचे सराव पुस्तक घ्या, कारण तिथे नव्याने आलेला भाग जुन्या ढिगात भरून निघणार नाही. भौतिकशास्त्र व गणिताला पुतण्याची पुस्तके बहुतांशी पुरतील, फक्त अकरावीच्या यादीतली जी प्रकरणे त्यात सापडणार नाहीत तेवढी पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांवरून करावी लागतील. पुण्याला जाणे झाले तर अप्पा बळवंत चौकात हीच पुस्तके वापरलेली, बऱ्याच कमी किमतीत मिळू शकतात. मात्र तिथेही मुखपृष्ठावर ‘सुधारित आवृत्ती’ असे शब्द पाहून पैसे देऊ नका, आतले मुद्रणाचे वर्ष पाहा.

तुमची मुलगी नवा संच मागते त्यात मैत्रिणींच्या हातात नवी पुस्तके दिसतात हाही भाग असेल. सतरा वर्षांच्या मुलीने तसे वाटून घेणे स्वाभाविक आहे, आणि त्यावरून तिला बोल लावू नये. ही दोन नवी पुस्तके आणायला तिलाच बरोबर घेऊन जा आणि निवड तिच्यावर सोपवा. रेघा मारून उरलेली पुस्तके तोवर तिच्या टेबलावर प्रकरणांच्या क्रमाने लावून ठेवा, आणि पुतण्याला एकदा फोन करून समासातले त्याचे अक्षर कुठे लागत नाही तेवढे विचारून घ्या.